पश्चिमेकडची नसलेली नाली

आमच्या ऑफिसात माणसं दोन प्रकारची आहेत: मशीन चालवणारी, आणि मशीनला काय दिसलं ते सांगणारी. चालवणाऱ्यांच्या चपला झिजतात, सांगणाऱ्यांची नावं रिपोर्टावर येतात. मी चालवणारी. पॉलिटेक्निकचा सिव्हिलचा डिप्लोमा आणि बारा वर्षांची नोकरी एवढं माझ्या पदरी आहे, आणि त्या बारापैकी सात वर्षं मी जमिनीच्या आत बघणाऱ्या रडारच्या मागे चालले आहे.

मशीन दिसायला काही विशेष नाही. चार चाकांची पेटी, वर दांडा, दांड्यावर छोटा पडदा. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई बाबागाडी घेऊन फिरायला निघालीय. पेटी जमिनीत लहरी सोडते. आत जिथे काही बदलतं, म्हणजे माती संपून दगड लागतो किंवा दगड संपून पोकळी लागते, तिथून त्या लहरी परत फिरतात आणि पडद्यावर रेघा उमटतात. आत नळ किंवा नाली असली तर रेघांमध्ये उपड्या वाटीसारखी कमान दिसते. खोदायचं नाही, ठोकायचं नाही, भिंतीला एक खिळाही मारायचा नाही. म्हणून जुन्या इमारतींची कामं आमच्याकडे येतात. इंदुरात अशा इमारतींना तोटा नाही. होळकरी काळातलं काही ना काही प्रत्येक मोहल्ल्यात उभं आहे, आणि प्रत्येकाला कुठे ना कुठे तडा गेलेला आहे.

हे जे सांगते आहे ते एका सभागृहाचं. राजवाड्यापासून पायी पंधरा मिनिटांवर, एका जुन्या मराठी संस्थेचं. लांबट हॉल, दोन्ही बाजूंनी खांब, आणि जमिनीला विलायती फरशी. प्रत्येक फरशीवर आठ पाकळ्यांचं निळं-पिवळं फूल. तशी फरशी आता कुठे बनत नाही, निघाली तर बदलायला मिळत नाही. पश्चिमेच्या बाजूचा एक खांब खाली बसत चालला होता आणि त्याच्यावरच्या कमानीला केसाएवढी भेग होती. जुनी माणसं सांगत की हॉलच्या खालून एक दगडी नाली बागेतल्या कारंज्याकडे जायची. ती नाली नक्की कुठून जाते आणि खांब तिच्यामुळे बसतो आहे का, एवढं आम्हाला शोधायचं होतं. संस्थेची अट एकच होती: फरशी उचलायची वेळ आलीच तर एकाच जागी, आणि तीही आम्ही सांगू तिथे.

आम्ही म्हणजे मी आणि ती.

ती तिशीची असेल. जुन्या इमारतींच्या जतनाचं मोठं शिक्षण बाहेर घेऊन इंदुरात परत आलेली. मला ताई म्हणायची, सगळ्यांशी गोड बोलायची, कामात हुशार होती, डबा उघडला की पहिला घास मला द्यायची. तिच्यात खोट काढायला मी वर्षभर मेहनत केली आणि एक सापडेल तर शपथ. अशा माणसाचा राग करणं फार कष्टाचं असतं. पण मी कष्टाळू आहे.

सभ्य लोक त्याला हेवा म्हणतात. मी जळायचे. तिच्या बोलण्यावर, चालण्यावर, तिच्या सुती दुपट्ट्यावर, ती कुठल्याही दारातून आत जाताना क्षणभरही थांबत नाही यावर. मी थांबते. आजही. दार उघडं असलं तरी आत कोणी हटकेल का, असं मनात येतं.

पहिल्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी दारात उभे होते. सत्तरीचे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी तिचं आडनाव ऐकलं आणि चेहरा उजळला.

"मतलब तुम्ही ओव्हरसियरसाहेबांच्या कोण?"

"पणती."

"अरे! ही इमारत त्यांच्याच देखरेखीखाली बांधली गेली, माहीत आहे ना? तुम्ही तर घरच्याच निघाल्या बेटा. या, या."

मग ते माझ्याकडे वळले. "आणि आप मशीन चालवता? छान. चपला बाहेर काढल्या ना?"

आम्ही दोघींनी चपला एकाच ठिकाणी, शेजारी शेजारी काढल्या होत्या. दोघींच्या पायांत मोजे होते. तिला कोणी विचारलं नाही.

मी त्या हॉलमध्ये पहिल्यांदा आले होते असं नाही, हेही सांगते. माझे बाबा लाउडस्पीकरवाले. आजोबा महूच्या पलटणीत होते, पण बाबांना पलटण मानवली नाही, त्यांना तारा आवडायच्या. व्याख्यानं, गाण्याचे कार्यक्रम, नाटकं, सगळीकडे त्यांचेच भोंगे. या हॉलमध्ये ते मागच्या दाराने यायचे, पश्चिमेच्या खिडकीजवळ ॲम्प्लिफायरची पेटी मांडायचे, आणि मी त्यांच्या पायाशी फरशीवर बसायचे. व्याख्यान काही कळायचं नाही. मी फुलं मोजायचे. खिडकीपासून खांबापर्यंत अकरा. त्या अकरा फुलांवर माझा हक्क आहे असं मला वाटायचं, आणि हे मी सेक्रेटरींना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते "अरे वा" म्हणाले असते, आणि ते 'अरे वा' मला नको होतं.

काम सुरू करण्याआधी जमिनीवर रेघा आखाव्या लागतात. अर्ध्या-अर्ध्या मीटरवर, एकमेकींना समांतर, म्हणजे मशीन सरळ चालतं आणि नंतर कुठे काय दिसलं ते नकाशावर सांगता येतं. रस्त्यावर आम्ही चुन्याने आखतो, नव्या बिल्डिंगीत चिकटपट्टी लावतो. इथे चुना चालणार नव्हता आणि चिकटपट्टी काढताना फरशीची झिलई सोलून येते. ती डोकं धरून बसली होती.

"रांगोळी," मी म्हणाले.

"मतलब?"

"शिरगोळ्याची रांगोळी. दोरी ताणायची आणि अर्ध्या मीटरवर एक-एक ठिपका टाकायचा. काम झालं की ब्रशने झाडून घ्यायचा. डाग नाही, ओरखडा नाही."

ठिपक्यांची रांगोळी आईने शिकवलेली. माझा ठिपका चिमटीतून सुटला की आजही हलत नाही. दुपारी जाऊन मी सराफ्यातून सोनारांचा मऊ ब्रश आणला, सोन्याची भुकटी झाडायला वापरतात तो. संध्याकाळपर्यंत सगळ्या हॉलभर ठिपके पडले. इतकं सुंदर दिसत होतं की मीच दारात जाऊन बघून आले.

सेक्रेटरी आले, थांबले, आणि तिला म्हणाले, "वा बेटा, वा. इमारतीला जपायचं तर असे संस्कार लागतात. पणजोबांनी बघायला हवं होतं."

ती हसली. "आमच्या टीमची आयडिया आहे, सर."

टीम. टीममध्ये आम्ही दोघीच होतो. तिने खोटं काही सांगितलं नव्हतं, त्यामुळे भांडायलाही जागा नव्हती. मी सोनाराचा ब्रश हातात घेऊन उभी होते.

मशीन चालवायच्या पहिल्या दिवशी दक्षिणेकडचा अर्धा हॉल झाला. पद्धत अशी की प्रत्येक रेघ पूर्वेच्या भिंतीपासून सुरू करायची, पश्चिमेला संपवायची, मशीन उचलून परत पूर्वेला न्यायचं आणि पुढची रेघ धरायची. उलट येताना मोजलं तरी चालतं, पण मग ते लिहून ठेवावं लागतं, आणि चित्र बनवणाऱ्याने ती रेघ कॉम्प्युटरवर उलटून घ्यावी लागते. नाहीतर पूर्वेला असलेली वस्तू पश्चिमेला दिसते. हे आमच्यातल्या नव्या पोरालासुद्धा पहिल्या आठवड्यात शिकवतात. पूर्वेच्या भिंतीपासून दोन मीटरवर नाली मिळालीच. पडद्यावर उपडी वाटी, प्रत्येक रेघेला, त्याच जागी. ती टाळी वाजवायची तेवढी राहिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हॉलमध्ये बायकांच्या समूहगीताची तालीम होती. चारला जागा खाली करून द्यायची होती. सकाळ खांबांची आणि भेगेची मापं घेण्यात गेली. साडेबाराला सेक्रेटरी आले आणि तिला म्हणाले, "चला बेटा, घरी जेवायला. मिसेस वाट बघतात. त्यांना तुमच्या आजीची फार आठवण येते."

ती माझ्याकडे वळली. "ताईंनापण..."

"हो, हो, त्यांनापण," ते म्हणाले, "पण मशीन सोडून कसं येणार?"

"मशीनपाशी कोणी तरी पाहिजेच," मी म्हणाले. "तुम्ही जा मॅडम." मी चिडले की तिला मॅडम म्हणायचे. हे तिला कळायचं की नाही, मला माहीत नाही.

ती गेली. मी डबा उघडला नाही. मशीन धरलं आणि चालायला लागले. पूर्वेकडून पश्चिमेला गेले आणि तिथूनच फिरले, पश्चिमेकडून पूर्वेला आले, पुन्हा फिरले. शेतात नांगर फिरतो तसं. वेळ कमी होता हे खरं. पण मशीन उचलून परत नेण्याएवढा वेळ होता, हेही तितकंच खरं. मला त्या दिवशी कोणासाठी काहीही उचलून नीट ठेवायचं नव्हतं. ते दोघे जेवत असतील, वरण-भातावर साजूक तूप असेल, आजीच्या आठवणी निघत असतील, आणि मी इथे येरझाऱ्या घालते आहे, असं मनात घोळवत मी उत्तरेचा अर्धा हॉल दोन तासांत संपवला.

तरी हाताला वळण असतं. फील्ड बुकमध्ये, म्हणजे साइटवरच्या वहीत, मी लाल पेनने प्रत्येक रेघेचा बाण काढला. एक इकडे, एक तिकडे, एक इकडे, एक तिकडे. पान अगदी स्वच्छ आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा मेसेज आला. "ताई, लाइनी सगळ्या नेहमीसारख्या पूर्वेकडूनच ना?" मी मुलीची वेणी घालत होते, एका हातात कंगवा होता. मी अंगठा पाठवला. तो पिवळा अंगठा, वर केलेला. तेव्हा मी मेसेज नीट वाचला होता की नाही, हे मी स्वतःला खूपदा विचारलं आहे. कधी उत्तर 'हो' येतं, कधी 'नाही' येतं. त्याबद्दल मी तुम्हाला खात्रीने काही सांगू शकत नाही.

पुढच्याबद्दल सांगू शकते.

चार दिवसांनी ऑफिसात तिने मोठ्या पडद्यावर चित्र लावलं. निळी जमीन, आणि तिच्यात पूर्वेच्या बाजूने दक्षिणोत्तर जाणारी लाल रेघ. ती नाली. आणि उत्तरेच्या अर्ध्या भागात, पश्चिमेच्या भिंतीपासून बरोबर दोन मीटरवर, आणखी एक लाल रेघ. थोडी तुटक. नेमकी त्या बसलेल्या खांबाला चिकटून.

मला एका क्षणात कळलं. ती दुसरी नाली म्हणजे माझ्या परतीच्या फेऱ्या होत्या. एकाआड एक रेघ उलटी होती, ती तशीच लावली गेली होती, आणि पूर्वेची नाली आरशात दिसावी तशी पश्चिमेला दिसत होती. नीट बघितलं तर पूर्वेची रेघसुद्धा त्या अर्ध्या भागात तुटक झाली होती. एक सोडून एक.

"तुटक दिसते कारण वर दगडी झाकणं असावीत आणि मध्ये फटी," ती सांगत होती. तिचे डोळे चमकत होते. "आणि आमच्या घरी नेहमी सांगायचे की बागेत जोड कारंजी होती. दोन. पणजोबांनी नाली पुढे नेऊन तिच्या दोन केल्या. मला तर लहानपणी ही नुसती गोष्ट वाटायची."

आमचे साहेब खुर्चीवरून उठले. म्हणाले, फरशी तिथेच उघडू, आणि यावर लेख लिही, परिषदेत वाच. कोणी तरी तिच्यासाठी कचोऱ्या मागवल्या. मीही एक खाल्ली.

तोंड उघडायला मला किती वेळ लागला असता? "मॅडम, दुसऱ्या दिवशीच्या एकाआड एक लाइनी उलट्या आहेत." एवढं एक वाक्य. ती म्हणाली असती, "अगंबाई, हो का," आणि दहा मिनिटांत चित्र दुरुस्त केलं असतं. कदाचित माझे आभार मानले असते. तेच मला नको होतं. मी कचोरीवर चटणी घेतली आणि गप्प बसले. फील्ड बुक माझ्या बॅगेत होतं, ते बॅगेतच राहिलं.

आठ दिवस मी ते सुख भोगलं. हो, सुखच. मी मनात पुन्हा पुन्हा बघायचे: फरशी उचलली आहे, खाली नुसती माती आहे, सेक्रेटरींचा चेहरा उतरला आहे, आणि ओव्हरसियरसाहेबांची पणती खाली बघते आहे. चांगल्या साडीची घडी मोडावी की नाही असं करत बाई कपाट उघडते आणि बंद करते, तसं मी ते चित्र दिवसातून दहा वेळा बघायचे. स्वयंपाक करताना, बसस्टॉपवर, लालबागच्या मेळ्यात मुलीला पाळण्यात बसवून खाली उभी असताना. त्या चित्रात सगळं होतं. फक्त उचललेली फरशी कोणती, हे मला दिसत नव्हतं.

रविवारी बाबांकडे महूला गेले. त्यांना आता ऐकू कमी येतं. लाउडस्पीकरवाल्याला ऐकू कमी येणं यावर आमच्या घरात पुष्कळ हसून झालं आहे. मी सांगितलं, त्या हॉलचं काम चाललंय, पश्चिमेच्या खांबाजवळ फरशी उघडणार आहेत.

"कोणत्या खांबाजवळ?"

"खिडकीकडच्या. तुमची पेटी असायची तिथे."

त्यांनी हातातला कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तिथे पेटीखाली मी पोतं टाकायचो. पेटीला खिळे होते ना. ओरखडा आला तर बोलतील म्हणून." आणि चहाचा कप उचलला. "आता कोण उघडतंय?"

"आम्हीच," मी म्हणाले. "ऐकू आलं का? आम्हीच."

"मग ठीक आहे," बाबा म्हणाले. "तू आहेस ना तिथे."

रात्री परत येताना मी ठरवलं की उद्या सांगायचं. सोमवारी ऑफिसात गेले तर ती आणि साहेब परिषदेसाठी लेखाचं शीर्षक ठरवत होते. तिने मला विचारलं, "ताई, 'जोड नाली' चांगलं वाटतं का?" मी म्हणाले, "एकदम." आणि माझ्या जागेवर जाऊन बसले.

बुधवारी आम्ही हॉलवर गेलो. सेक्रेटरी होते, संस्थेचा फरशीवाला मिस्त्री होता. मिस्त्री मालव्यातला, साठीचा, हात इतके हळुवार की छिन्नीसुद्धा पेनासारखी धरायचा. त्याने गुडघे टेकले आणि सांध्यांमधला जुना चुना खरवडायला सुरुवात केली. ती मोबाइलवर व्हिडिओ घेत होती. मी खिडकीपासून फुलं मोजली. तो नवव्या फुलापाशी बसला होता.

"भोत पुराना माल है भिया," मिस्त्री कोणालाच उद्देशून नसल्यासारखं म्हणाला, "टूट जाय तो मेरे को मत कहना."

तेव्हाही मी बोलले नाही. हे मला लिहायलाच हवं. तो छिन्नी सांध्यात सरकवत होता, तेव्हा माझ्या मनात पुन्हा तेच चित्र आलं, उतरलेल्या चेहऱ्यांचं, आणि मी एक क्षण आणखी थांबले. तेवढ्यात टक् असा आवाज झाला. मोठा नव्हता. बशीला चमचा लागावा एवढाच. नववं फूल मधून दुभंगलं, चार पाकळ्या इकडे, चार तिकडे.

"थांबा," मी म्हणाले.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. माझा आवाज नेहमीपेक्षा मोठा आला असणार.

"इथे नाली नाही. हात काढा, भिया. पुढे करू नका."

"ताई?" ती म्हणाली.

मी बॅगेतून फील्ड बुक काढलं, ते पान उघडलं आणि तिच्या हातात दिलं. तिने व्हिडिओ बंद केला आणि पान बघितलं. लाल बाण. एक इकडे, एक तिकडे. तिला वेळ लागला नाही; हुशार आहे म्हटलं ना. तिने पानावरची तारीख बघितली. मग माझ्याकडे बघितलं. मी आठ दिवस ज्या चेहऱ्याची वाट बघत होते तो समोर होता, आणि मला तो बघवला नाही.

मोबाइल तिच्या हातातच होता. त्यात तिचा प्रश्न होता आणि त्याखाली माझा अंगठा होता. दोन वेळा बोट फिरवलं असतं तर ते सेक्रेटरींना दाखवता आलं असतं. तिने मोबाइल कुर्त्याच्या खिशात टाकला.

"सर," ती सेक्रेटरींना म्हणाली, "चूक माझी आहे. पश्चिमेला नाली नाहीच. मी लाइनी उलट्या लावल्या. फील्ड बुक न बघताच चित्र बनवलं."

सेक्रेटरींनी फुटलेल्या फरशीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "अरे बेटा," ते म्हणाले, "होतं असं. काम करणाऱ्याच्याच हातून चूक होते. एकच फरशी गेली, वाचलो म्हणायचं." मग ते माझ्याकडे वळले आणि आवाज बदलला. "पण मशीन तर तुम्ही चालवली ना? आपको पहले बोलना था."

"त्यांनी लिहून ठेवलं होतं, सर," ती म्हणाली. "मीच वाचलं नाही."

तिच्या त्या वाक्यात एकही शब्द खोटा नव्हता.

वर्षभर मी तिच्यावर जळले होते, पण त्या क्षणाएवढी कधीच नाही. 'चूक माझी' हे दोन शब्द तिने असे काढले की जणू खिशात सुटे पैसे होते. तिला ते परवडत होतं. तिने म्हटलं तर 'होतं असं बेटा'. मी म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी मशीनचा दांडा दुसऱ्या कोणाच्या हातात असता. हे मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं, आणि म्हणूनच ती बोलली. मला तिचे पणजोबा नको होते, तिची पदवी नको होती, ते साजूक तुपाचं जेवणसुद्धा नको होतं. मला तिच्यासारखं चांगलं वागता यायला हवं होतं, आणि ते मला आठ दिवसांत एकदाही आलं नाही. परवडत नव्हतं म्हणून आलं नाही असं मी बराच काळ स्वतःला सांगितलं. पण पहिल्याच दिवशी, कचोरीच्या दिवशी, मला ते पूर्ण परवडत होतं.

मिस्त्रीने दोन्ही तुकडे पुसून जागेवर ठेवले आणि सांधा चुन्याने भरला. खांब का बसत होता तेही आठवड्याभरात सापडलं. गच्चीवरच्या पाण्याचा पाइप बाहेरच्या भिंतीत फुटला होता आणि सगळं पाणी खांबाच्या पायथ्याशी मुरत होतं. भिंतीवर लावायचं छोटं मशीन मी फिरवलं, ओल दिसली, या वेळी चित्र दोघींनी शेजारी बसून बनवलं. फरशी आणखी उचलावी लागली नाही. लेख लिहिला गेला नाही. जोड कारंज्यांची गोष्ट पुन्हा त्यांच्या घरची गोष्ट झाली.

त्या बुधवारी परत येताना गाडी ती चालवत होती. मी वाट बघत होते की आता विचारेल: कधीपासून माहीत होतं? मी उत्तरही तयार करून ठेवलं होतं, खोटं. तिने विचारलं नाही. एका दुकानासमोर गाडी थांबवली आणि म्हणाली, "ताई, पोहे खाऊया, सकाळपासून काही नाही खाल्लं." तिने माझ्या पोह्यांवर जास्तीची शेव घालायला सांगितली, कारण मला आवडते हे तिला माहीत आहे. मी खाल्ले.

बाबांना मी सांगितलं की एक फरशी फुटली. त्यांनी विचारलं, कोणाच्या हातून. मी म्हणाले, मिस्त्रीच्या. त्यांना नीट ऐकू आलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा सांगितलं नाही.

आम्ही अजून एकत्रच काम करतो. ती मला अजून ताई म्हणते, पहिला घास अजून देते. नव्या साइटवर ठिपके टाकायचे असले की लोकांना माझं नाव घेऊन सांगते, ही ताईंची पद्धत आहे. एकच फरक पडला. काम संपलं की ती आता मेसेज करून काही विचारत नाही. माझ्याजवळ येते, हसते, म्हणते, "ताई, वही," आणि हात पुढे करते. मी वही देते. ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, एक-एक बाण बघून घेते.